रविवार सोडून रोज

ओळंब्याला खरं तर दुसरं बक्षीस हवं होतं.

सिमेंटच्या दुकानदाराने गवंड्यांसाठी सोडत ठेवली होती. दुसरं बक्षीस होतं एकचाकी ढकलगाडी. जाड पत्रा, हवा भरायचं चाक, मुठींना रबर. पहिलं बक्षीस होतं लाल स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, दबा धरलेल्या मांजरासारखी जमिनीला पोट टेकून बसलेली. दुकानदाराच्या जावयाने ती हौसेने घेतली होती, पण त्याच्या कमरेला ती मानवली नाही. सिमेंटच्या गोण्यांत ती अडचण होऊन बसली, म्हणून बक्षिसात गेली. सोडतीत ओळंब्याची चिठ्ठी पहिली निघाली आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या बुटक्या गवंड्याची दुसरी.

"बदलून मिळेल का?" ओळंब्याने दुकानदाराला विचारलं.

"काय बदलून?"

"याला ही द्या. मला ढकलगाडी द्या."

बुटक्याने ढकलगाडीच्या मुठी घट्ट धरल्या. "मुळीच नाही. कामाची वस्तू आहे. तुझं तू निस्तर."

ओळंबा गाडीत बसला. बसला म्हणजे आधी डोकं घातलं, मग एक पाय, मग उरलेला माणूस ओढून घेतला. घरी येईपर्यंत मात्र त्याचं मत बदललं. पायाखाली जरा दाबलं की पाठ सीटला चिकटायची. जन्मभर त्याने वाळू ढकलली, विटा ढकलल्या, भिजलेला माल ढकलला. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला ढकलत होतं. त्याने गल्लीला दोन जास्तीचे फेरे मारले आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "हिला डोक्यावर छप्पर पाहिजे."

"आपल्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय," बायको म्हणाली.

"ते नंतर."

ओळंबा हे त्याचं खरं नाव नव्हतं. भिंत सरळ आहे की नाही हे बघायचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, तो कायम खिशात ठेवायचा. कुणाकडे चहाला गेला तरी कप खाली ठेवून भिंतीला दोरी सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "हं." त्या एका "हं"ने घरमालकांची झोप उडायची. एकदा कुणाच्या मयतीला गेला होता. लोक रडत होते आणि हा चौकटीला दोरी लावून उभा. बुटक्याने बांधलेल्या प्रत्येक भिंतीला त्याने "हं" म्हटलं होतं. बुटक्याचं तोंड त्यामुळे कायमचं आंबलेलं होतं.

स्वतःचं काम मात्र त्याचं चोख. ते बुटकाही नाकारत नसे, फक्त कबूल करत नसे.

घराच्या कडेला मोकळी पट्टी होती. तिच्या अर्ध्या भागात बायकोच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. उरलेल्या अर्ध्या भागात ओळंब्याने गाडीघर बांधायला घेतलं. आधी गाडीचं माप घेतलं. आरसे मिटून घेतलं, बंपर धरून घेतलं, पुन्हा घेतलं. माणूस फरशीकाम करत म्हातारा झाला की त्याचा एक धर्म होऊन बसतो. फट जितकी कमी तितकं काम चांगलं. पाण्याची टाकी असो की कपाट, वस्तू आणि भिंत यांच्यामध्ये बोट गेलं तर ओळंब्याला लाज वाटायची. गाडीच्या दोन्ही अंगांना त्याने एकेक बोट जागा सोडली, तीही नाखुशीनेच.

भिंती झाल्या, छप्पर चढलं. गिलावा असा की हात फिरवला तर काचेवर फिरवल्यासारखा वाटावा. पाणी साचू नये म्हणून फरशीला दाराच्या बाजूला बेताचा उतार. सगळं झाल्यावर त्याने गाडी हळूच आत घेतली. म्यानात तलवार जावी तशी गेली. इंजिन बंद केलं. क्षणभर डोळे मिटून बसला. मग दार उघडलं.

दार एक बोट उघडलं आणि भिंतीला टेकलं.

पलीकडचं दार पाहिलं. तेही एक बोट.

टाकीला दार नसतं. कपाटाचं दार पुढे उघडतं. गाडीचं दार बाजूला उघडतं हे ओळंब्याला माहीत नव्हतं असं नाही. रोज तेच उघडून तो आत बसत होता. पण माप घेतलं तेव्हा दार बंद होतं.

बायको गाडीसाठी शिवलेली खोळ घेऊन आली. ती शिवणकाम करायची. पडदे, गाद्यांची कव्हरं, लोकांचे कपडे. खोळीला तिने कडेने गोट लावला होता, आरशांना वेगळे कान काढले होते. नवरा गाडीत बसलेलाच दिसला.

"काय करताय?"

"आवाज ऐकतोय."

"इंजिन बंद आहे, अहो."

"म्हणूनच नीट ऐकू येतोय."

बायकोने एकदा या बाजूची फट पाहिली, एकदा त्या बाजूची. मग खोळीची घडी करून काखेत मारली. "शिवणीपुरतंसुद्धा कापड सोडलं नाहीत," ती म्हणाली.

"कुणाजवळ बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? भिंतच बोलतेय."

ओळंब्याने गाडी मागे घेतली. बाहेर उभा राहून बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. गावभरच्या भिंतींना "हं" म्हणणारा माणूस स्वतःच्या भिंतीपुढे गप्प उभा होता. ती पाडायची म्हणजे का पाडली ते सांगावं लागणार. गाडी बाहेर ठेवायची म्हणजे नवंकोरं गाडीघर रिकामं का ते सांगावं लागणार. दोन्हीकडून फजिती. असून अडचण, नसून खोळंबा.

दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "ही गाडी फक्त रविवारी."

आणि मग तो त्यावर बोलू लागला. चांगली वस्तू रोज वापरली की तिचा मान जातो. रोज मिठाई खाल्ली की मिठाईची भाजी होते. रोज चालवली की झिजते, रविवारी चालवली की उजळते. पानाच्या टपरीवर, बांधकामावर, न्हाव्याकडे, जिथे जागा मिळेल तिथे तो हे सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे. एका कारकुनाने तर त्याचं ऐकून स्वतःची सायकलसुद्धा रविवारपुरती ठेवली आणि आठवडाभर पायी फिरू लागला.

खरं कारण साधं होतं. गाडी हाताने आत ढकलावी लागे, आणि ढकलायला माणसं रविवारीच मोकळी असत. लोकांना त्याने सांगितलं, "आत इंजिन चालू केलं की धुराने गिलावा काळा पडतो." पडला असता तर एकवेळ बरं झालं असतं.

ढकलणारे तिघे. एक त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो बेकरीत भट्टीवर होता. उष्णतेने त्याच्या भुवया गेल्या होत्या, पण दंड शाबूत होते. दुसरा बुटका. उंची कमी, म्हणून त्याचा जोर नेमका बंपरच्या रेषेत लागायचा. तिसरा पोस्टमन. तो जोर तोंडाने लावायचा. "हुं... हुं... हुंऽऽ" असा आवाज काढायचा, कपाळाला शीर आणायचा. त्याचे हात मात्र गाडीवर असे ठेवलेले असायचे, जसे काही गाडीला ताप आलाय का बघतोय. ढकलून झालं की घाम पुसायचाही तोच पहिला.

काढतानाही गंमत होती. उतार बाहेरच्या बाजूला, त्यामुळे गाडी सोडली की स्वतःच निघायची. आत शिरून ब्रेक लावायला जागा नाही. म्हणून मागच्या चाकांना कायम विटा लावलेल्या असत. रविवारी सकाळी तिघे मागून पाठ लावत, ओळंबा विटा काढे, आणि गाडी त्यांना रेटत रेटत इंचाइंचाने बाहेर येई. दार भिंतीच्या बाहेर आलं की ओळंबा उडी मारून आत शिरे आणि ब्रेक दाबे. मग तासभर पुसणं. मग फेरी, गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. मग पुन्हा पुसणं, कारण टाकीपर्यंत धूळ असे. मग चढावरून आत ढकलणं. गाडी जितका वेळ पळे त्याच्या कितीतरी पट वेळ माणसं राबत. हिशेब कुणीही करावा, गाडी माणसांना फिरवत नव्हती, माणसं गाडीला फिरवत होती.

ढकलणाऱ्यांना मजुरी म्हणून फेरीत शेजारची सीट मिळायची. पाळीपाळीने, एका रविवारी एक. त्यामुळे बायको त्या गाडीत कधी बसलीच नाही. पाळी लागायला ती ढकलायला आली नव्हती.

असं चाललं होतं. मग बायको पडली.

एका गिऱ्हाइकाच्या घरी पडदे लावताना स्टूल सरकलं. गुडघ्याची वाटी फुटली. दवाखान्यात ऑपरेशन झालं, पाय सरळ बांधून ठेवला. घरी सोडलं तो दिवस नेमका रविवार होता. ओळंब्याने तिला गाडीतून आणायचं ठरवलं. त्या रविवारी पाळी पोस्टमनची होती. त्याला नाही म्हणताना ओळंब्याला जीभ जड झाली, आणि पोस्टमनचं तोंडही उतरलं.

दवाखान्याच्या दारात बायकोला सीटवर टेकवलं, वळवलं, पाय आत घेतला. पाय सरळ पुढे गेला आणि तिथेच राहिला. त्या गाडीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसत नाही. पाय पसरून, मागे रेलून बसतो. ना गुडघा मुडपायचा, ना कुठे आपटायचा. बायकोने पायाकडे पाहिलं. नखापर्यंत नीट मावला होता.

"माझ्या पायाचं माप घेऊन शिवल्यासारखी आहे हो," ती म्हणाली.

वाटेत ती एकदाही कण्हली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती. हौसेने त्याने टाकीवरून लांबचा फेरा घेतला होता. टाकी आली तेव्हा म्हणाली, "इथपर्यंत येता होय तुम्ही सगळे? एवढ्यासाठी?"

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी निघताना बजावलं होतं. गुडघा आखडलाय. रोज आणायचा, आमच्या खुर्चीवर वजन लावून वाकवायचा. आत्ता खंड पडला तर जन्मभर असाच लाकडासारखा राहील.

"रोज म्हणजे रोज?" ओळंब्याने विचारलं होतं.

"रोज. रविवार सोडून. रविवारी आमचं बंद."

बायको पायाने चालवायच्या मशीनवर शिवायची. गुडघा वाकला नाही तर पाय पाट्यावर चालणार नाही, आणि पाय चालला नाही तर मशीन चालणार नाही. मेहुणा म्हणाला होता, "ताई, मोटर बसवून घे." ती म्हणाली, "मोटरला कळतं का कुठे थांबायचं ते? माझ्या पायाला कळतं." शिवणं हे तिचं सगळं होतं. मशीनची टकटक ऐकू आली नाही तर त्या घरात कुणालाच चैन पडत नसे, ओळंब्याला तर मुळीच नाही. सकाळी ती टकटक सुरू झाली की मगच तो थापी उचलायचा.

रविवारी संध्याकाळी तिघांनी गाडी आत ढकलली. सोमवार उजाडला.

भाड्याची गाडी आणून पाहिली. मागच्या सीटवर पाय आडवा ठेवला, तर पहिल्याच ब्रेकला बायको घसरून खाली आली. ती इतकी ओरडली की गाडीवाला उतरून लांब जाऊन उभा राहिला. बसची पायरी तर तिच्या कमरेला लागत होती. मेहुणा रात्रभर भट्टीवर राबून झोपलेला, पोस्टमन टपाल वाटायला गेलेला. बुटका तेवढा कामावर निघत होता.

"ढकलगाडी देतोस?" ओळंब्याने कुंपणावरून विचारलं.

"कशाला?"

"बायकोला न्यायचंय."

बुटक्याने ओळंब्याकडे पाहिलं. मग त्याच्या गाडीघराकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "ने," तो म्हणाला. "आज मला नुसता गिलावा आहे. पण आजच्या दिवस."

ढकलगाडीत गोधडी घातली, उशी घातली आणि त्यावर बायको. तिचा सरळ पाय पुढे चाकाच्या वर तोफेसारखा निघालेला. ओळंबा मागून मुठी धरून निघाला. एकचाकी गाडी ढकलायला नुसता जोर पुरत नाही, तोल लागतो. ओळंब्याला दोन्ही होतं. पण वाळू बोलत नाही.

"डावीकडे खड्डा आहे."

"दिसला."

"दिसला तर चुकवायचा असतो."

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने तराजू हातात धरूनच विचारलं, "काका, लाल गाडी कुठाय?"

"घरी."

"बिघडली?"

"नाही. आज सोमवार आहे."

भाजीवाल्याने मान डोलावली. त्याने रविवारचं भाषण ऐकलेलं होतं. रविवारपुरती सायकल ठेवणारा कारकून पायी कचेरीला निघाला होता. त्याने ढकलगाडीला वाट दिली आणि आदराने म्हणाला, "तत्त्व म्हणजे तत्त्व, काका. घरचं माणूस ढकलगाडीत, पण गाडीचा मान राखलात." ओळंब्याला धरणी दुभंगावी असं झालं. बायको मात्र हसायला लागली. इतकी हसली की गाडीचा तोल गेला.

पुढे चढ होता. चढावर ओळंब्याची छाती भात्यासारखी चालू लागली. बायकोचं हसू थांबलं होतं.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"मी तुमची रोजची, की रविवारची?"

चढावर बोलून दम घालवू नये हा ओळंब्याचा जुना नियम. त्याने दम जपला. पण कान लाल झाले, आणि ते चढाने झाले नव्हते.

बाईंनी गुडघा खुर्चीवर घेतला, वजन लावलं. बायकोने ओठ चावले. गुडघा हलला तो इतकासा, पुस्तकाचं कव्हर जरा उचकटावं तेवढा. "हलतोय," बाई म्हणाल्या. "उद्या याच वेळेला आणा. कशातून आणता ते मला विचारायचं नाही, पण आणा."

संध्याकाळी ढकलगाडी धुऊन, पुसून परत केली. "उद्या पण लागेल," ओळंबा म्हणाला.

"उद्या नाही. उद्या वाळू चढवायचीय."

"एक दिवस, अरे."

"ही रोजची वस्तू आहे. रोजची वस्तू उसनी मिळत नसते, ती तिच्या कामात असते." बुटका मुठीवरचं रबर चाचपत म्हणाला. "रविवारचं काहीतरी माग, लगेच देतो. माझा कोट माग. चांदीचा पेला माग. पडूनच आहे."

ओळंबा घरी आला. दिवा न लावता गाडीघराच्या दाराशी उभा राहिला. संध्याकाळचा उजेड अजून होता. त्याने खिशातून ओळंबा काढला आणि आपल्या भिंतीला सोडला. दोरी आणि भिंत, मध्ये सुताएवढाही फरक नाही. जरा सरकून पुन्हा सोडला. नाही. कोपऱ्यात सोडला, मध्यावर सोडला, बाहेरच्या बाजूने जाऊन दोऱ्यांवरचे कपडे बाजूला सारून तिथे सोडला. केसभर जरी चुकली असती तर "वाकडी झाली" म्हणून पाडायला निमित्त मिळालं असतं. दुसऱ्यांच्या भिंतीत त्याला कधी शोधावं लागलं नव्हतं. आपल्या भिंतीत शोधून शोधून दमला. भिंत निर्लज्जासारखी सरळ होती.

आतून कसलाच आवाज येत नव्हता. मशीन बंद होतं.

त्याने छिन्नी आणि घण काढला. पहिल्याच घावाला बुटका कुंपणाशी आला. टपालाची रिकामी पिशवी खांद्याला लावून पोस्टमन घरी चालला होता, तोही थांबला. भट्टीवर निघालेला मेहुणा सायकल टाकून धावत आला.

"भावोजी! काय करताय काय? वाकडी आहे का?"

"सरळ आहे."

"मग?"

ओळंब्याने घण खाली टेकला. बघणारे तिघे होते, खिडकीत बायको होती. गावभरच्या भिंती त्याला समोर उभ्या दिसत होत्या, आणि त्या सगळ्या एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत होत्या.

"भिंत सरळ आहे," तो म्हणाला. "जागा चुकली. आत गाडीचं दार उघडत नाही. म्हणून रविवार."

पोस्टमनने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग मेहुणा म्हणाला, "ते माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दार उघडत नाही ते. पहिल्या रविवारीच कळलं. गाडी अर्धी बाहेर आल्यावर तुम्ही उडी मारता, भावोजी. धुराला कोण असं घाबरतं?"

"मग बोलला का नाहीत?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बोललो असतो तर तू भिंत पाडली असतीस," बुटका म्हणाला. "भिंत पाडली असतीस तर ढकलायला आम्ही कशाला? आणि ढकलायला आम्ही नाही तर फेरी कुठली?"

"तसंही कालची माझी पाळी हुकलीच आहे," पोस्टमन म्हणाला. "आता भिंत पडली तर तिचं काय होणार, तेवढं आधी सांगा."

"देईन तुझी पाळी," ओळंबा म्हणाला.

"थांबा," बुटका म्हणाला. "पाडायच्या आधी एक राहिलं." तो कुंपण ओलांडून आला, हात पुढे केला. ओळंब्याने दोरी दिली. बुटक्याने ती भिंतीला सोडली, एक डोळा मिटला आणि पाहत राहिला. या क्षणाची तो किती वर्षं वाट बघत होता ते त्यालाच ठाऊक. पाहिलं, सरकून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. शेवटी चिडून दोरी गुंडाळली.

"सरळ आहे मेली," तो म्हणाला. आणि तरीही, हक्काचं सोडू नये म्हणून, "हं."

आधी गाडी बाहेर काढली. तिघांनी पाठ लावली, ओळंब्याने विटा काढल्या. खिडकीतून बायको म्हणाली, "अगंबाई, सोमवारीसुद्धा निघते की!"

छपराला बल्ल्यांचा टेकू दिला. मग भिंत. चांगलं काम पाडायला वाईट कामाच्या दुप्पट घाम लागतो. बुटक्याच्या भिंती लाथेने पडत, असं ओळंबा म्हणायचा. ही त्याची होती. वीट सुटता सुटेना. माल विटेहून घट्ट, छिन्नी बोथट होई. प्रत्येक घावाला ओळंब्याला राग यायचा आणि जरा बरंही वाटायचं. मेहुणा भट्टीला उशीर करून राबला. पोस्टमन "हुं, हुं" करत एकेक वीट उचलून ठेवत होता. पण त्या दिवशी विटा खरंच जागच्या हलत होत्या. जेवणवेळ टळली तेव्हा कुठे भिंत गेली. राडारोडा बुटक्याच्या ढकलगाडीतून बाहेर पडला. ती द्यायला मात्र तो आपणहून धावला.

मंगळवारी सकाळी बायको गाडीत बसली, पाय पसरला, कुबडी खिडकीतून बाहेर काढली, आणि निघाली.

रोजच्या रस्त्यावर एक नवीन भानगड होती. रविवारी ज्यावरून आले तो टाकीवरचा लांबचा रस्ता गुळगुळीत होता. दवाखान्याच्या जवळच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर होता, उंटाच्या पाठीसारखा. गाडीचं पोट त्यावर टेकलं आणि पुढची चाकं हवेत फिरू लागली. भाजीवाल्याने आणि कारकुनाने खाली उतरवली. दुसऱ्या दिवसापासून ओळंबा दोन फळ्या बरोबर घेऊन जाऊ लागला. गाडी थांबवायची, उतरायचं, फळ्या मांडायच्या, चढायचं, ओलांडायचं, उतरायचं, फळ्या उचलायच्या. मागे सगळा रस्ता अडून भोंगे वाजायचे. आत बायको पाय पसरून मागच्यांना हात करायची. ताशी कितीतरी पळणारी गाडी तिथे गोगलगायीच्या मागे राहायची. चार दिवसांनी भाजीवाला स्वतःच फळ्या मांडून ठेवू लागला, कारण भोंग्यांमुळे त्याला गिऱ्हाइकांचं ऐकू येत नव्हतं.

आणि गाडी रोजची झाली. सीटच्या फटीत वाळू गेली. दवाखान्यातून येताना ओळंबा सिमेंटची अर्धी गोणी घेऊन येऊ लागला. सपाटी बघायची लांब पाणसळ खिडकीतून बाहेर डोकावू लागली. एक दिवस उतरताना बायकोची कुबडी दारावर लांबलचक ओरखडली. लाल रंगावर पांढरी रेघ. दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"गेला मान," बायको म्हणाली.

ओळंब्याने एक डोळा मिटला. रेघ पाहिली. "सरळ आली आहे," तो म्हणाला.

कारकुनाला मात्र हे पटलं नाही. त्याने ओळंब्याशी बोलणं सोडलं. सायकल त्याची अजून रविवारचीच आहे.

गुडघा हळूहळू उघडला. आधी पुस्तकाच्या कव्हराइतका, मग खिडकीच्या झडपेइतका. एका सकाळी ओळंबा थापी हातात घेऊन उगाच अंगणात उभा होता. आत मशीन टकटकलं. थांबलं. पुन्हा टकटकलं, पुन्हा थांबलं. कुणीतरी दोन अक्षरं गिरवावी तसं. ओळंबा तसाच उभा राहिला. मग ते लागोपाठ चालू झालं. तेव्हा तो कामाला गेला, आणि दुपारी त्याने गळणारं छप्पर दुरुस्त करायला काढलं.

गाडीला आता रविवारी सुट्टी असते. दवाखाना बंद, म्हणून गाडीही बंद. चावी खुंटीला. ओळंबा म्हणतो, सहा दिवस राबलेल्याला एक दिवस कुणी चावी लावू नये.

आधीचे रविवार नवी भिंत बांधण्यात गेले. मशीन चालू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी तिघे ठरल्या वेळी दारात हजर. ढकलायला काही नव्हतं. नवी भिंत दोऱ्यांच्या जागेवर सरकली होती. गाडीची दोन्ही दारं सताड उघडून त्यांवर बायकोचे कपडे वाळत घातले होते.

"आज हिला सुट्टी आहे," ओळंबा म्हणाला.

"असू दे," पोस्टमन म्हणाला. "माझी पाळी राहिलीय. तुम्ही शब्द दिलाय."

सुट्टी मोडायची नाही आणि शब्दही मोडायचा नाही. ओळंब्याने विचार केला. मग दारांवरचे वाळलेले कपडे काढून ठेवले, पोस्टमनला सीटवर बसवलं, स्टिअरिंगवर मेहुण्याला बसवलं, आणि इंजिन बंद ठेवून बुटका आणि तो मागे लागले. टाकीपर्यंत ढकलायचं ठरलं. आत बसल्या बसल्या पोस्टमन सवयीने जोर लावत होता. "हुं... हुं... हुंऽऽ."

गल्लीच्या तोंडाशी चढ लागला. दोघांचा दम पुरेना. गाडी थांबली, मागे येऊ बघू लागली. तेवढ्यात ओळंब्याच्या शेजारी बंपरवर तिसरी हातांची जोडी टेकली.

"अगं, तू कशाला?"

"बोलू नका. चढ आहे," बायको म्हणाली.

तिने एक पाय मागे रोवला, दुसरा पुढे घेतला आणि गुडघा वाकवला. तोच गुडघा. ओळंब्याने खाली पाहिलं. माप घ्यायची सवय जात नाही. मग त्याने मान वर केली आणि तिच्या बरोबरीने जोर लावला, आणि गाडी हलली.